रात्र मोठी, कामं फार

विलायती बागकामाच्या पुस्तकांत नोव्हेंबर हा आवराआवरीचा महिना असतो. कंद उकरून घरात आणा, खुरप्या-कात्र्यांना तेल लावा आणि मार्चपर्यंत बियाण्यांचे कॅटलॉग चाळत बसा. आपल्याकडे गणित नेमकं उलटं. परतीचा पाऊस गेला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर, गॅलऱ्यांत आणि बंगल्यांच्या परसात बाग करणाऱ्यांना डोकं वर काढायला फुरसत नसते. मेथी पेरायची असते, गुलाबाचा पहिला बहर उतरवायचा असतो, शेवंतीला कळ्या धरलेल्या असतात. कुणी विचारलंच तर आपण सांगतो, थंडी पडली ना, आता बाग फुलणार. पण या दिवसांत बागेत जे घडतं त्याचं निम्मंच श्रेय थंडीचं. बाकीचं लांबलेल्या रात्रीचं, दक्षिणेला कललेल्या उन्हाचं आणि कोरड्या हवेचं. कशामुळे काय होतं हे कळलं की रोज सकाळी झारी हातात घेऊन करायचं काय, हा प्रश्न बराचसा सुटतो.

शेवंतीचंच बघा. शेवंती थंडीची वाट बघत नाही, ती रात्र मोजते. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकरा तासांचा. युरोपच्या मानाने हा फरक किरकोळ, आपल्याला तर तो फारसा जाणवतही नाही. झाडाला मात्र तो पुरतो. रात्र ठरावीक मर्यादेपलीकडे लांबली की शेंड्याला नवी पानं येणं थांबतं आणि तिथे कळी धरते.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अमेरिकेत, तंबाखूच्या एका वाणामुळे. 'मेरीलँड मॅमथ' नावाचं हे झाड उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जायचं, पण फुलायचं म्हणून नाही. आणि हिवाळ्यात काचघरात लावलं की छोटंसं असतानाच फुलून मोकळं व्हायचं. तिथल्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी तापमान, ओलावा, खत सगळं तपासलं. शेवटी १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या दिवसाउजेडीच एका अंधाऱ्या खोपट्यात नेऊन ठेवायला सुरुवात केली, म्हणजे झाडापुरता दिवस लहान झाला. झाडं भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की झाडाच्या लेखी महत्त्व दिवस किती लहान याला नसून सलग अंधार किती याला आहे. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला, तरी झाडाच्या हिशेबात ती एक मोठी रात्र न राहता दोन छोट्या रात्री होतात.

शेवंतीची व्यापारी लागवड करणारे शेतकरी याचाच फायदा घेतात. पिकावर रात्री दिवे लावून कळी लांबवायची आणि फूल हव्या त्या सणाला बाजारात आणायचं. आपल्या घरी हाच प्रकार नकळत होतो. गॅलरीतला ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू, किंवा रस्त्यावरचा एलईडी दिवा थेट कुंडीवर. मग शेजारच्या इमारतीतली शेवंती पिवळीधमक आणि आपली नुसतीच हिरवीगार, आणि शिव्या खायला खत! पॉइनसेटियाचंही तेच. त्याची वरची पानं लाल व्हायला हवी असतील, तर ऑक्टोबरपासून त्याला संध्याकाळनंतर अंधारच लागतो. दिवा हलवता येत नसेल तर कुंडी हलवा. शेवंतीवर खोका उपडा घालणारे हौशी लोकही मी पाहिलेत. संध्याकाळी झाकायचं, सकाळी काढायचं, रोज. एवढी निष्ठा असेल तर जरूर करावं.

कुंड्या हलवण्याचं दुसरं कारण ऊन. मे महिन्यात सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारीसुद्धा किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंश वर चढतो, तोही दक्षिणेकडून. परिणामी दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार घराच्या दारापर्यंत आत शिरतं आणि उत्तरेची गॅलरी जवळपास सहा महिने थेट उन्हाला मुकते. ज्यांची गॅलरी उत्तरेकडे आहे त्यांनी या दिवसांत गुलाब-टोमॅटोचा नाद सोडावा आणि मनीप्लांट, स्नेकप्लांट, नेचे यांच्यावर समाधान मानावं. गच्ची असलेल्यांची अडचण वेगळी. दक्षिणेला उंच इमारत असेल तर तिची सावली आता लांबच लांब पडते. एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारून ठेवा. भाजीच्या कुंड्या कुठे ठेवायच्या ते त्या रेघाच सांगतील.

आता पाणी. थंडीत कुंड्यांतली जितकी झाडं दगावतात, त्यातली बरीचशी तहानेने नव्हे, पाण्याने जातात. ऊन सौम्य झालेलं असतं, बरीच झाडं वाढ मंदावून बसलेली असतात, त्यामुळे मुळं पाणी कमी ओढतात. पण उत्तर-पूर्वेकडून येणारी हवा कोरडी असल्यामुळे मातीचा वरचा थर दुपारपर्यंत पांढरा पडतो आणि आपण घाबरून झारी उचलतो. खाली मात्र चिखल असतो. आमच्या भागात बागकामाला येणारे माळीकाका याबाबतीत फार कडक आहेत. "ताई, झाडं आता निवांत पडल्यात, त्यांना उठवून पाजू नका," असं म्हणत ते माझ्या हातातली झारीच काढून घेतात. त्यांची पद्धत साधी आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. टोकाला ओल लागली तर कुंडी पुढची. ॲडेनियम पानं गाळायला लागलं असेल तर त्याला फारच क्वचित पाणी द्यायचं, एरवी त्याचा फुगीर बुंधा आतून कुजतो. पाणी द्यायचं ते सकाळी, ऊन कुंडीवर आल्यावर. नोकरी करणाऱ्यांना हे जमत नाही हे खरं. त्यात पुण्यात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो डिसेंबरच्या एकवीस तारखेला नव्हे, नोव्हेंबरच्या अखेरीसच, त्यामुळे ऑफिसातून येईपर्यंत मिट्ट काळोख. तरीही संध्याकाळी घाईघाईत पानांवरून पाणी ओतण्यापेक्षा एक दिवस पाणी न दिलेलं परवडतं.

पानांवर पाणी नको म्हटलं की लोकांना वाटतं, पानं कोरडी ठेवली की रोग नाही. भुरीला हा नियम लागू नाही. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर, भोपळा-काकडीच्या वेलांवर जी पांढरी पिठासारखी बुरशी दिसते, तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. दिवसा कोरडी, उबदार हवा आणि रात्री गारठा व दमटपणा, हे तिचं आवडतं हवामान. आपला नोव्हेंबर म्हणजे तेच. पाण्यात मिसळणारं गंधक फवारतात ते याच्यासाठी. घरगुती उपायांत दुधाला चांगला आधार आहे. ब्राझीलमध्ये झुकिनीवर दूध-पाण्याचे प्रयोग झाले, ते १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि भुरीवर दुधाचा चांगला परिणाम दिसला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात. घरातली ज्येष्ठ मंडळी "झाडांना दूध पाजताय!" म्हणून कपाळावर हात मारतील, ते सहन करावं लागेल. माव्यासाठी मात्र दूध नाही. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो झाडून काढायचा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब. फांदीवर काळे ठिपके असलेला लाल ढालकिडा हिंडताना दिसला, तर तिथे काहीच फवारू नका. तो आणि त्याची पिल्लं मावा खाऊनच जगतात.

थंडीचं स्वतःचं श्रेय कुठे असेल तर ते भाजीत. उन्हाळ्यात कोथिंबीर वीतभर होते न होते तोच तुऱ्यावर येते. आता ती पानंच काढत राहते. बियाणं विकत आणायची गरज नाही, डब्यातले धणे चालतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे मुळात दोन बिया. वर्तमानपत्रावर पसरून लाटण्याने हलके रगडले की त्यांच्या दोन डाळ्या होतात. त्या रात्रभर भिजवून पेरल्या की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. तोवर "उगवलंच नाही" म्हणून माती उकरायची नाही. मेथीला एवढा धीर लागत नाही. चौथ्या दिवशी ती माती उचलते आणि महिन्याभरात भाजीला येते. मुळा, गाजर जागेवरच पेरायचं. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ दुभंगतं आणि दोन पायांचं गाजर हाती येतं.

तुळशीची गोष्ट जराशी अन्यायाची आहे. लग्नापर्यंत तिची किती बडदास्त! वृंदावनाला गेरू, वर ऊस, पुढ्यात आवळे-चिंचा. एकदा मंगलाष्टकं झाली की नवरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. मंजिऱ्यांनी झाड लवलेलं असतं, बी धरण्यात त्याची सगळी ताकद जाते, खालची पानं झडतात, आणि "थंडीत तुळस जातेच" असं म्हणून आपण मोकळे. गारठा तिला मानवत नाही हे खरंच, दहा अंशांच्या आसपास ती आखडते. पण मंजिऱ्या वेळेवर खुडल्या, पाणी कमी केलं, पूजेत वाहिलेलं दूध आणि कुंकू मुळाशी न टाकता कुंडी दक्षिणेच्या उन्हात सरकवली तर बहुतेक वेळा ती निभावते. काही मंजिऱ्या वाळवून ठेवाव्यात, पावसाळ्यात रोपं होतात.

गुलाबाची ऑक्टोबर छाटणी झाली असेल तर साधारण पंचेचाळीस दिवसांनी पहिली फुलं येतात. ती काढताना नुसतं डोकं उडवू नका. फुलाखाली तीन-तीन पर्णिकांची पानं सोडून पाच पर्णिकांचं पहिलं दमदार पान शोधा आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्या. पुढची फांदी तिथूनच जोमाने फुटते. कलमाच्या गाठीखालून येणारा फुटवा मात्र मुळापासून ओढून काढा, तो खुंटाचा रानगुलाब. मोगऱ्याला याच दिवसांत उपाशी ठेवायचं. पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू लागली की छाटायचं, मग शेणखत आणि पाणी. फेब्रुवारी-मार्चात कळ्या.

उरला पालापाचोळा. बदामाची पानं आता तांबडी व्हायला लागतील, मग सावर आणि शिरीष रिकामे होतील. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राने भरलेला असतो आणि कोरड्या पानांत कर्ब भरपूर. दोन्ही एकत्र केले तरच खत नीट होतं, नुसता ओला कचरा सडून घाण सुटते. कंपोस्टच्या डब्यात एक थर ओला टाकला की त्यावर दोन थर पानांचे, हे प्रमाण चुकवू नये. उरलेली पानं कुंड्यांतल्या मातीवर पसरावीत, फेब्रुवारीच्या उन्हात ओल टिकते. तरीही दर हिवाळ्यात सकाळी सातला कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या फाटकाशी या सोन्याचा धूर होत असतो. सार्वजनिक जागी कचरा जाळायला २०१६च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती. तुमच्याकडे हे चालत असेल तर सफाई कामगारांवर ओरडू नका, पेटवायला त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या कुणीतरीशी आजच बोला आणि दोन पोती पाला तुमच्या गच्चीवर पाठवायला सांगा.