वायरलेसचे चॅनेल कुठे भरायचे, एक्सेलात की सॉफ्टवेअरमध्येच?

परभणी : गोदाकाठी पूर आला, लाईट गेली, टॉवर बंद पडला की मोबाईल नुसता डबा. अशा वेळी हॅम रेडिओवाल्यांचे वायरलेस सेट कामाला येतात. पण त्यात चॅनेल आधीच भरलेले लागतात. वीस सेटमध्ये बटणं दाबून भरायचे म्हणजे दिवस गेला. म्हणून केबल लावून कॉम्प्युटरवरून भरतात. 'चर्प' हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर.

चर्पमधली यादी सीएसव्ही फाईल करून एक्सेलात उघडता येते. शंभर चॅनेल एकदम टाकायला एक्सेल सोपं, हाताला सवयीचं. पण ते स्वतःचं डोकं चालवतं. चॅनेलचं नाव ५-६ दिलं की त्याची तारीख करतं. १४५.५०० आणि १४५.५२५ या दोन ओळी धरून खाली ओढल्या, तर पुढच्या फ्रिक्वेन्सी आपोआप वाढत जातात. लक्षात आलं नाही तर १४६ च्या पुढे गेलंच समजा, आणि भारतात हॅमवाल्यांची हद्द १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ. त्यापलीकडे बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं. परवाना धोक्यात येतो.

चर्पच्या आतल्या तक्त्यात टोन यादीतूनच निवडावा लागतो, त्यामुळे भलतासलता आकडा बसत नाही. दोन-चार दुरुस्त्या तिथेच केलेल्या बऱ्या. शिवाय सीएसव्हीत फक्त चॅनेल असतात, सेटच्या बाकी सेटिंग नसतात. म्हणून काहीही बदलण्याआधी सेटमधून वाचलेली मूळ फाईल वेगळी सेव्ह करून ठेवायची.