काळ्या दगडाची वीण

वसईच्या किल्ल्याचा भग्न तट पाहतांना प्रवाशाचें लक्ष बहुधा इतिहासाकडे जातें. सन १५३४ मध्यें हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं आला, सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें किल्ला जिंकला, हें शाळकरी मुलासही पाठ असतें. परंतु ज्या दगडानें तोफांचा मार आणि शेंकडों पावसाळे सोसले, त्या दगडाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. जुन्या गोव्यांत १६०५ सालीं पुरें झालेलें बों जेझूचें देवालय आहे; त्याच्या जांभ्या दगडाच्या दर्शनी भागावर जें काळें नक्षीकाम दिसतें, त्याचा दगडही वसईहूनच जलमार्गानें गेला. घडवावयास कठीण, पण एकदां घडविला म्हणजे कड न सोडणारा, अशी ह्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, ख्याति आहे.

ह्या चिवटपणाचें मर्म त्यांतील स्फटिकांच्या परस्परांत अडकण्यांत आहे, आणि त्या अडकण्यास शास्त्रांत निरनिराळीं नांवें आहेत. तीं समजून घेण्यापूर्वीं वसईच्याच परिसरांतील दोन पदार्थ शेजारीं ठेवून पाहावे. पहिला पदार्थ मिठागरांतील मीठ. खाऱ्या पाण्यांत मिठाचा प्रत्येक दाणा मोकळेपणीं वाढतो, म्हणून त्याला चौकोनी आकार येतो. पण एका दाण्याचा दुसऱ्याशीं कसलाच करार नसतो, आणि फावड्याच्या एका घावासरशीं रास कोसळते. दुसरा, किनाऱ्यावरील वाळू व शिंपले ह्यांचा बनलेला खडक. येथें दाणे घट्ट बसलेले असतात खरे, परंतु त्यांना धरून ठेवणारा चुना बाहेरून आलेला असतो. चुना विरघळला कीं दाणे सुटे झालेच. बेसाल्टची गोष्ट ह्या दोहोंहून वेगळी. तेथें बाहेरचें बंधन मुळीं नाहींच. स्फटिक जागच्या जागीं, एकमेकांच्या अंगांत शिरूनच वाढलेले असतात.

सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे पूर आले. हा रस हजार अंशांहून अधिक तप्त असतो. तो निवूं लागला म्हणजे त्यांत मुख्यतः दोन खनिजांचे स्फटिक वाढतात: फेल्स्पारच्या पांढुरक्या, लांबट कांबी आणि ऑजाइटचे काळपट दाणे. कांबी अनेक ठिकाणीं एकदम उगवतात व वाटेल त्या दिशेस पसरतात. ऑजाइटचे अंकुर मात्र कित्येकदां थोडेच असतात. त्यामुळें एकेक अंकुर मोठा होत जातो आणि भोंवतालच्या कांबी पोटांत घेतो. पूर्वीं असें समजत कीं कांबी आधीं पुऱ्या होतात व ऑजाइट मागाहून येतें. आतां मानतात तें असें कीं दोन्ही बरोबरीनेंही वाढूं शकतात; फरक पडतो तो अंकुरांच्या संख्येमुळें.

अशा रचनेला ‘ऑफिटिक’ वयन म्हणतात. ग्रीक भाषेंतील सर्पवाचक शब्दावरून हें नांव पडलें. पिरेनीज पर्वतांतील एका हिरवट, चित्रविचित्र खडकास ‘ऑफाइट’ म्हणत, आणि त्याच्या रचनेवरून फ्रेंच खडकशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांत हें विशेषण रूढ केलें. ‘वयन’ म्हणजे विणणें. ह्या विषयास इतका चपखल संस्कृत शब्द क्वचितच लाभला असेल.

शब्दाचा वापर मात्र जपून करावा लागतो. ऑजाइटनें कांबी पूर्णपणें वेढल्या असतील तरच ऑफिटिक. अर्धवट वेढल्या असतील तर उप-ऑफिटिक. कांबींमधील फटींत ऑजाइटचे बारीक सुटे कण भरले असतील, किंवा तेथें रस स्फटिक न होतां काचेसारखा थिजला असेल, तर त्या प्रत्येकास स्वतंत्र संज्ञा आहे. दख्खनच्या लाव्हाथरांत हे शेवटचे प्रकार व उप-ऑफिटिक विपुल आढळतात. थरांना छेदून वर आलेल्या भित्तींच्या जाडसर खडकांत अस्सल ऑफिटिक वीण अधिक स्पष्ट दिसते. ‘अडकलेले स्फटिक’ दिसले कीं सरसकट ऑफिटिक म्हणणें हें प्रत्येक विणकामास पैठणी म्हणण्यासारखें आहे. ‘जुळे स्फटिक’ हाही वेगळाच विषय. त्यांत एकाच खनिजाचे दोन भाग ठराविक नियमानें जोडलेले असतात. शेजाऱ्याशीं झालेल्या गुंतागुंतीशीं त्याचा संबंध नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नव्हे. ताजा, भरीव बेसाल्ट दर चौरस सेंटिमीटरास पुष्कळदां हजार किलोग्रॅमहून अधिक भार पेलतो, कारण तडा जाऊं लागला कीं त्याला पदोपदीं आडव्या कांबी भेटतात. परंतु फटींत काच असेल तर तीच आधीं कुजते. तिची माती होते, ती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते, आणि बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा दगड कांहीं पावसाळ्यांत पोपडे टाकूं लागतो. म्हणून खडीसाठीं किंवा जुन्या तटाच्या डागडुजीसाठीं दगड निवडतांना केवळ रंग व वजन पाहणें पुरेसें नाहीं.

समुद्रकांठच्या वास्तूंस आणखी एक शत्रु आहे, आणि तोही स्फटिकच. खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतें, उन्हानें आटतें, आणि आंत मिठाचे दाणे वाढूं लागतात. मिठागरांत निरुपद्रवी असणारा तो चौकोनी दाणा बंद जागेंत भिंतीवर रेटा देतो. सच्छिद्र दगड व सांध्यांतील चुना ह्यांना त्याचा उपद्रव अधिक. भरीव वीण असलेल्या दगडांत त्याला शिरकावच थोडा.

ही वीण बहुधा नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं. दगडाची चकती घासून घासून मिलिमीटरच्या तीन-शतांश भागाइतकी पातळ करावी लागते. मग तो काळा पाषाण पारदर्शक होतो, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं फेल्स्पारच्या कांबी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दिसूं लागतात, तर त्यांच्या सभोंवतीं ऑजाइट निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगांनीं उजळतें. चकती फिरवितांना एकमेकांपासून दूर दिसणारे ऑजाइटचे तुकडे एकदमच काळे पडले, तर ते सारे एकाच मोठ्या स्फटिकाचे भाग होत, आणि मग त्या दगडास ऑफिटिक म्हणण्यास हरकत नाहीं.