हेदवी : वर सडा, खाली घळ

हेदवी हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, अरबी समुद्राला लागून आहे. गुहागरहून दक्षिणेला निघालेला किनाऱ्याचा रस्ता पालशेत, वेळणेश्वर करत हेदवीला येतो आणि पुढे नरवण, रोहिले ओलांडून तवसाळच्या जेटीवर थांबतो. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी. या दोन खाड्यांमधल्या पट्टीत हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असते दशभुजा लक्ष्मीगणेशामुळे. गणपती टेकडीवर, वस्ती पायथ्याला आणि वस्तीच्या पुढ्यात समुद्र, अशी इथली मांडणी आहे. उंचीने ही टेकडी सह्याद्रीच्या शिखरांच्या जवळपासही जात नाही. गाव मात्र सर्वस्वी तिच्यावर जगते.

सर्वांत वर सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे, जवळजवळ सपाट पठार. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचून काळा कातळ तयार झाला. पुढे उष्ण, दमट हवेत त्याचा वरचा भाग कुजत गेला. पावसाने त्यातली सिलिका आणि क्षार वाहून नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा बनला. खाणीतून निघताना तो ओलसर आणि मऊ असतो, तासायला सोपा जातो. उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होतो. म्हणून कोकणातली घरे, विहिरी, पाखाड्या आणि देवळांचे तट या एकाच दगडातून उभे राहिले.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपते. जांभ्याखाली शेडूचा, म्हणजे चिकण मातीचा थर असतो. तिथे पाण्याची खालची वाट अडते, ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातली बहुतेक जुनी वस्ती अशा झऱ्यांच्या खाली आहे. पायथ्याची जागा पूर्वजांनी सोयीसाठी निवडली असे वरवर वाटते. खरे पाहता ती पाण्याने निवडून दिलेली आहे.

उतारावर वरकस जमीन. तिथे पूर्वी नाचणी, वरी पिकायची, आता हापूसची आणि काजूची कलमे दिसतात. त्याखाली घरे, घरांभोवती नारळ-पोफळीची आगरे, सखल भागात भाताची खाचरे आणि शेवटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. भाजावळ, लावणी, कापणी आणि भात निघाल्यावर उरल्या ओलीत कुळीथ-पावटा, असा शेतीचा क्रम. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आणि नमन-खेळे, भाद्रपदात घरोघरचे गणपती, या दोन सणांना मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि बंद घरांची दारे उघडतात.

टेकडीवरचे मंदिर पेशवाईच्या काळातले मानले जाते. केळकर स्वामी नावाच्या सत्पुरुषाने पेशव्यांच्या साहाय्याने ते उभारले आणि मूर्तीचा पाषाण काश्मीरमधून आला, असे परंपरा सांगते. १९५६ मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार झाला. भोवती किल्ल्यासारखा तट आहे. मूर्ती पांढऱ्या पाषाणाची. दहा हातांत चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा, कमळे, पाश, स्वतःचाच दात, महाळुंगाचे फळ आणि भाताची लोंबी आहे. सोंडेत कलश, गळ्यात नागाचे जानवे, डाव्या मांडीवर लक्ष्मी. मूर्तिशास्त्रात महागणपतीचे जे ध्यान सांगितले आहे, त्याच्याशी हे रूप जुळते. शस्त्रांकडे सर्वांचे लक्ष जाते. पण एका हातात भाताची लोंबी धरलेला देव भातखाचरांच्या गावात वर बसलेला आहे, ही गोष्ट डोळे भरून पाहण्यासारखी आहे. माघातल्या गणेश जन्माच्या उत्सवात आणि दर चतुर्थीला इथे गर्दी होते.

हेदवीचे दुसरे आकर्षण पाहायला टेकडी उतरून किनाऱ्यावर यावे लागते. पुळणीच्या एका टोकाला, डोंगर जिथे समुद्रात शिरतो तिथे, उमा-महेश्वराचे छोटे देऊळ आहे. त्याच्या बाजूला काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. हीच बामणघळ. ओहोटीला ती पाहणारा निराश होतो. काही फूट रुंदीची एक फट, तळाशी थोडे हलते पाणी, भिंतींना चिकटलेली कालवे, एवढेच दिसते. भरती चढू लागली की तीच घळ ओळखू येत नाही. आधी आतून दबलेला धप्प आवाज येतो, मग फटीतली हवा फुंकर घातल्यासारखी बाहेर पडते आणि पाठोपाठ पाण्याचा पांढरा स्तंभ कातळाच्या वर उसळतो. वाऱ्यावर तुषार पसरतात, पाणी खळखळत मागे जाते, क्षणभर काळी भिंत उघडी दिसते आणि पुढची लाट आत शिरते.

यामागची यंत्रणा साधी आहे, आणि म्हणूनच ती समजून घेण्याजोगी आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. समुद्राची लाट कातळावर आदळते तेव्हा भेगेतली हवा क्षणात दाबली जाते. लाट मागे हटली की ती हवा तितक्याच जोराने प्रसरण पावते. दर लाटेला हा दाब आणि ही ओढ. आठ-दहा सेकंदांना एक लाट धरली, तर एका दिवसात सुमारे दहा हजार वेळा. भेगेतले खिळखिळे तुकडे निखळतात, वाळू आणि गोटे आत फिरून भिंती घासतात आणि भेगेची फट, फटीची घळ होते. शेजारचा सलग कातळ जवळजवळ जागच्या जागी राहतो. समुद्र दगडाची दुबळी जागा शोधतो आणि तिथेच काम करत राहतो.

पाणी उंच का उडते, याचे उत्तर घळीच्या आकारात आहे. समुद्राकडून आत येणारी लाट निमुळत्या वाटेत कोंडली जाते. निमुळत्या वाटेत लाटेची उंची वाढते. घर्षण बाजूला ठेवले तर रुंदी चौथाईवर आली की उंची साधारण दुप्पट होते. शेवटी वाट बंद. मागून पाणी ढकलते आहे, दोन्ही बाजूंना भिंती आहेत, म्हणून सुटायला दिशा एकच, वर. पाणी १० मीटर उंच जायचे तर ते सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने सुटावे लागते. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक टनाहून थोडे अधिक भरते. दुरून जे कारंजे वाटते ते जवळ उभ्या असलेल्या माणसासाठी भरधाव आलेल्या वाहनासारखे असते.

घळीचा खेळ चंद्रावर चालतो, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचे वेळापत्रक तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. आणि साडेबारा तासांच्या आत दुसरी भरती. हिशोब तोंडी असल्याने तासाभराचा फरक पडतो, पण होडी लोटायला किंवा कालवे काढायला निघायचे तर तेवढे पुरेसे असते. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, पाणी फार चढत नाही आणि फार ओसरत नाही. ही भांगाची भरती. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, सर्वांत मोठे उधाण प्रत्यक्षात एक-दोन दिवस मागून येते. मुंबईला मोठ्या उधाणाचे पाणी पाच मीटरच्या जवळ जाते, गोव्याकडे ते दोन-अडीच मीटरवर येते. रत्नागिरीचा किनारा या दोहोंच्या मध्ये. याच हिशोबातून एक सुंदर योग निघतो. चतुर्थी शुक्ल असो की संकष्टी, त्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या दरम्यान भरती भरलेली असते. सकाळी गणपतीचे दर्शन घेतलेल्या माणसाला दुपारी घळ जागी झालेली मिळते.

पण भरतीचे गणित येते म्हणून लाटेचेही येते, असे नाही. भरती किती चढणार हे पंचांग सांगते. लाट किती मोठी येणार हे सांगत नाही. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पाणी मात्र अचानक चढलेले, असे त्यामुळे घडते. शिवाय लाटा गटाने येतात. पाच-सात लहान लाटांनंतर एखादी दुप्पट उंचीची. घळीच्या काठावर दहा मिनिटे उभे राहून धीर चेपलेला माणूस त्या एका लाटेच्या वेळी नेमका पुढे सरकलेला असतो. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा उसळत्या लाटांचे इशारे देते. मच्छीमारांपर्यंत ते पोचतात. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाच्या कानावर ते क्वचितच जातात.

पर्यटन वाढते आहे आणि आणखी वाढणार आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून चिपळूण रात्रीच्या प्रवासाने गाठता येते. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी खाड्या ओलांडणे सोपे केले. रेवस-रेडी सागरी मार्गाच्या आराखड्यात दाभोळ आणि जयगड खाड्यांवरच्या पुलांचा समावेश आहे. ते पूर्ण झाले की आज फेरीबोटीमुळे तुटक वाटणारी ही पट्टी सलग मार्गावर येईल. गावाला त्यातून उत्पन्न मिळेल, घरगुती खानावळी आणि निवासाच्या खोल्या चालतील, हे स्वागतार्ह आहे. काळजी आहे ती या गर्दीला सामावून घेणाऱ्या माणसांची. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. आणि २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबईत, हा त्या आकड्याचा सरळ अर्थ. खाचरे पडीक पडतात, गडगे ढासळतात, आगरांना शिंपणे करायला माणूस मिळत नाही. माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रव अशा ओस जागेत वाढतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मोहराच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर मानांकन उपयोगी पडत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र सड्याला आहे, कारण तो कोणाला धोका वाटत नाही. सरकारी भाषेत सडा म्हणजे पडीक जमीन. याच पडीक जमिनीवर पावसाळ्यात काही आठवडे अशी फुले येतात जी इतरत्र सापडत नाहीत. कोकण दीपकाडी त्यांतलीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर कोरलेली प्राचीन कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. पण फुले आणि शिल्पे सोडली तरी एक हिशोब उरतोच. सडा चिऱ्याच्या खाणींनी पोखरला किंवा बंगल्यांच्या प्लॉटसाठी सपाट करून सिमेंटने झाकला, तर पाऊस आत मुरण्याची वाट बंद होते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कोकणातल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, ती पाणी मुरण्याऐवजी धावत समुद्राला मिळते म्हणून. पायथ्याच्या गावाने वरचा सडा गमावला तर झरे जातील आणि झरे गेले तर आगरे राहणार नाहीत. ग्रामपंचायतींनी आपल्या सड्याची मोजणी करून झऱ्यांच्या वरचा भाग खाणी आणि बांधकाम यांपासून राखीव ठेवावा. रस्ता आणि पूल पूर्ण होण्याआधी हे व्हायला हवे.

घळ पाहायला येणाऱ्याच्या हातातही थोडे आहे. ओहोटीची वेळ असेल तर कातळावरच्या पट्ट्या नीट पाहाव्यात. खाली शेवाळ, त्यावर कालवांचा खरबरीत पांढुरका थर, त्याच्याही वर बुळबुळीत काळा पट्टा. हा काळा पट्टा म्हणजे तुषार नेहमी पोचतात तिथली खूण. तो ओला झाला की पाय ठरत नाही. कोरडा, फिकट दगड जिथे सुरू होतो तिथून घळ पुरेशी दिसते. चतुर्थीला येणाऱ्याने दुपारी दीडपर्यंत उमा-महेश्वराच्या देवळापाशी पोचावे, गावातल्या माणसाला त्या दिवसाचे पाणी कसे आहे ते विचारावे, काळ्या पट्ट्याच्या पलीकडे, वरच्या कोरड्या दगडावरच उभे राहावे आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नये. मुलांचा हात सोडू नये. जून ते सप्टेंबर या काळात घळीच्या जवळ जाऊच नये.