सातबाऱ्याचं क्षेत्र छापणारं फंक्शन

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातला कुठलाही सातबारा उघडा. भातशेती असो की वरकस, क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. संगणकात साठवायला मात्र नुसते चौरस मीटर सोयीचे. समजा, 10507. सी भाषेतल्या 'प्रिंटएफ'ला पूर्णांक, दशांश, अक्षरं छापता येतात. हेक्टर-आर त्याला ठाऊक नाही. मग आपलं फंक्शन आपणच लिहायचं.

आपल्या फंक्शनला किती किमती मिळणार, हे आधी माहीत नसतं. त्यासाठी 'एसटीडीआर्ग' ही हेडर फाइल आहे. 1989 च्या प्रमाण सीपासून ती भाषेचा भाग आहे. फंक्शन त्याला दिलेला मजकूर अक्षर-अक्षर वाचत जातं. साधं अक्षर जसंच्या तसं छापतं. टक्क्याचं चिन्ह दिसलं की पुढचं अक्षर बघतं आणि त्याच हेडरमधल्या 'व्हीए-आर्ग'कडून पुढची किंमत मागून घेतं. क्षेत्रासाठी आपण 'एच' हे अक्षर ठरवू. 10507 ला 10000 ने भागलं की 1 हेक्टर; उरलेल्या 507 ला 100 ने भागलं की 5 आर; बाकी 7 चौरस मीटर.

खरी काळजी पुढेच घ्यायची. छापायचं 1.05.07, पण शून्य गाळून 1.5.7 छापलं, तर वाचणारा 5 आरचे 50 समजू शकतो. जमिनीच्या कागदावर एवढा फरक वाद लावून देतो. म्हणून आर आणि चौरस मीटर नेहमी दोन अंकी छापावेत.

'व्हीए-आर्ग'ला किमतीचा प्रकारही नेमका सांगावा. इंट दिला आणि लाँग मागितला, तर कंपायलर बहुधा गप्प राहतो आणि उतरू शकतो भलताच आकडा.