फोटोतली खूण टिकते, पण सुरक्षित आहे का?

समजा, तळेगावच्या अलीकडच्या घोरावाडी स्टेशनाचा पावसातला फोटो तुम्ही काढलात आणि त्यात न दिसणारा वॉटरमार्क घातलात. म्हणजे काय, तर एका गुप्त किल्लीनुसार पिक्सेलचे आकडे किंचित बदललेत. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला गेला, तरी खूण वाचता आली. पक्कं काम? थांबा. हा टिकाऊपणा झाला, सुरक्षितता नाही.

१९९७ मध्ये केंब्रिजमधून स्टर्मार्क आलं. ते फोटो जरासा वाकवतं. डोळ्याला कळत नाही, पण खूण शोधणारा प्रोग्राम भलत्याच जागी बघत बसतो.

मला जास्त भीती वाटते ती पुढच्या युक्तीची. एकच खूण शंभर फोटोंत असेल, तर प्रत्येकातली बारीक खरखर वेगळी काढून सरासरी घ्यायची. दृश्यं एकमेकांना खोडतात, खूण वर येते. मग ती पुसताच नाही, दुसऱ्या फोटोवर चिकटवताही येते! खोटा फोटो, नाव तुमचं. फोटोगणिक खूण बदलली, तर हे अवघड जातं.

म्हणून चाचणीत हल्लेखोराला पद्धत सगळी सांगून टाकायची, लपवायची फक्त किल्ली. केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लिपीबद्दल हेच मांडलं होतं.