वीस ग्रॅमवर किती दिवस?

लो-कार्ब सुरू करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ‘खायचं काय’ हा प्रश्न पडतो आणि तिसऱ्या आठवड्यात ‘हे अजून किती दिवस’ हा. पहिल्याची उत्तरं यूट्यूबवर पोत्याने मिळतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र विचाराल त्याचं निराळं. जिममधला ट्रेनर सांगतो, टार्गेट येईपर्यंत. शेजारच्या काकू सांगतात, पंधरा दिवसांच्या वर गेलात तर किडनी जाईल. फॅमिली ग्रुपवरचे भाऊजी सांगतात, आम्ही वर्षभर करतोय, काही होत नाही. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच हवा.

लो-कार्बचा कडक टप्पा म्हणजे नेमकं काय, ते आधी ताटात बघू. दिवसभरात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, तीही तंतुमय भाग वजा करून. सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट, चिमूटभर कांदा-टोमॅटो घालून. दुपारी पालक-पनीर आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर. संध्याकाळी अर्धा कप दुधाचा बिनसाखरेचा चहा. रात्री तळलेला बांगडा आणि कोबीची भाजी. झाले २० ग्रॅम. यात पोळी नाही, भाकरी नाही, भात नाही, वरणसुद्धा नाही. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी घेतली तर तिच्यातच ३५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. अर्ध्या भाकरीत दिवसाचा कोटा जवळपास संपतो. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. तिथून एकदम पाच टक्क्यांच्या आसपास यायचं. त्यामुळे ‘किती दिवस’ हा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या माणसापेक्षा निफाडमधल्या माणसाला जास्त छळतो.

गैरसमज : दोन आठवडे हा शास्त्राने ठरवलेला आकडा आहे

हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, पुस्तकातून आलेला आहे. न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं आहारावरचं पहिलं पुस्तक १९७२ मध्ये आलं. पुढच्या आवृत्त्यांत त्यांची चार टप्प्यांची पद्धत पक्की झाली. त्यातला पहिला टप्पा म्हणजे ‘इंडक्शन’ : रोज २० ग्रॅम, किमान १४ दिवस. ‘किमान’ हा शब्द प्रवासात कुठेतरी गळाला आणि १४ दिवस ही कमाल मर्यादा असल्यासारखं लोक बोलू लागले. बरंच वजन उतरवायचं असेल त्याने या टप्प्यात जास्त काळ राहायला अ‍ॅटकिन्स यांची हरकत नव्हती.

पंधराव्या दिवशी शरीरात कुठलंही दार बंद होत नाही की उघडत नाही. साखरेऐवजी चरबीवर चालायची सवय, म्हणजेच कीटोसिस, शरीर काही दिवसांत लावून घेऊ लागतं आणि ती पुढचे काही आठवडे मुरत राहते. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत संशोधकांनी कडक टप्पा दोन महिन्यांचा ठेवला. म्हणजे दोन आठवडे ही एक सोयीची सुरुवात आहे, इतकंच.

गैरसमज : जितके जास्त दिवस, तितकी जास्त चरबी जाते

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. तो जन्माला येतो पहिल्या आठवड्यात. वजनकाट्यावर दोन-अडीच किलो उतरलेले दिसतात आणि माणूस मनात गुणाकार करतो : आठवड्याला अडीच, महिन्याला दहा. पण हे उतरलेलं बहुतेक पाणी असतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठलेलं असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. कर्बोदकं तोडली की हा साठा बराचसा रिकामा होतो आणि पाणीही जातं. इन्सुलिन खाली आल्यावर मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्याच्याबरोबर आणखी पाणी. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उठल्यावर गरगरतं ते बरंचसं यामुळेच. त्यानंतर जे उतरतं ते इतर कुठल्याही आहारात उतरतं तसंच, उष्मांकांच्या तुटीच्या हिशेबाने.

इन्सुलिन कमी झालं की चरबी आपोआप वितळत राहते, हे ऐकायला पटतं. संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१६ मध्ये हे तपासलं. जादा वजनाच्या १७ पुरुषांना देखरेखीखाली ठेवून चार आठवडे नेहमीचा कर्बोदकयुक्त आहार आणि नंतर चार आठवडे तेवढ्याच उष्मांकांचा कीटो, म्हणजे अगदी कडक लो-कार्ब, आहार दिला. इन्सुलिन चटकन खाली आलं. चरबी घटण्याचा वेग मात्र वाढला नाही, सुरुवातीला तर मंदावला.

मग लो-कार्बवाल्यांचं वजन उतरतं कसं? भूक कमी होते, प्रथिनं वाढतात, फरसाण, बिस्किटं आणि दिवसाचे चार गोड चहा सुटतात. हा फायदा खरा आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो कायम वाढत जात नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ जणांवरच्या एका अमेरिकन चाचणीत अ‍ॅटकिन्स गटाचं वजन सहा महिन्यांत सरासरी ७ टक्के उतरलं, तर नेहमीच्या कमी उष्मांकांच्या आहारावरच्या गटाचं ३.२ टक्के. दुपटीहून जास्त! वर्ष पूर्ण होईतो मात्र दोन्ही गटांत उल्लेख करावा असा फरक उरला नव्हता. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ६१ चाचण्या एकत्र तपासल्या, जवळपास सात हजार माणसं. दोन वर्षांपर्यंतच्या हिशेबात लो-कार्ब आणि संतुलित आहार यांत वजनाचा फरक नगण्य निघाला.

माझ्या मते सगळ्यात बोलका अभ्यास स्टॅनफर्डचा, २०१८ मधला. ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांना वर्षभर एकतर लो-फॅट, नाहीतर लो-कार्ब दिलं. लो-कार्ब गटाला पहिल्या आठ आठवड्यांत २० ग्रॅमपर्यंत खाली जायला सांगितलं होतं. पुढे दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत प्रत्येकाने ‘इथे मी आयुष्यभर राहू शकेन’ अशी आपली पातळी शोधायची होती. वर्षअखेरीस हा गट सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावला आणि सरासरी सहा किलोंनी हलका झाला. लो-फॅटवाले पाच किलो ३०० ग्रॅमने. आहारतज्ज्ञ, गटाच्या बैठका सगळं दिमतीला असूनही माणसं २० वर राहिली नाहीत आणि राहावं अशी अपेक्षाही नव्हती. ‘मला जमत नाही’ म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गैरसमज : पट्टी फिकी पडली, म्हणजे कीटोसिस गेला

लघवीच्या पट्टीवर गडद जांभळा रंग आला की घरात पेढे वाटण्याइतका आनंद होतो. ही पट्टी फक्त अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा एक कीटोन (चरबी जळताना तयार होणारा पदार्थ) मोजते. जास्त पाणी प्यायलात तर रंग फिका येतो. काही आठवड्यांनी शरीर कीटोन नीट वापरू लागतं, तेव्हाही तो फिका येतो. रंग गडद करायला अजून २० दिवस वाढवणं, किंवा २० वरून १० ग्रॅमवर जाणं, याला अर्थ नाही. कंबरेचं माप घ्या, ते जास्त खरं बोलतं.

गैरसमज : मध्ये मोदक खाल्ला, आता पुन्हा पहिल्यापासून

गणपतीत दीड दिवस मनसोक्त जेवल्यावर काटा दोन किलो वर सरकतो. ती दोन किलो चरबी नव्हे. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पाण्यासकट परत भरला आहे. तीन-चार दिवसांत तो पुन्हा उतरतो. ‘मोडलंच आहे तर आता दिवाळीनंतर बघू’ हा विचार मोदकापेक्षा जास्त वजन वाढवतो.

इस्रायलमधल्या दिमोना इथे ३२२ कर्मचाऱ्यांवर दोन वर्षं चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याची सोय आधीच केलेली होती. लो-कार्ब गटासाठी नियम असा : पहिले दोन महिने २० ग्रॅम, मग हळूहळू जास्तीत जास्त १२० ग्रॅमपर्यंत, आणि धार्मिक सणांनंतर लगेच पुन्हा थोडे दिवस २० ग्रॅम. सण येणार, लोक जेवणार हे गृहीत धरूनच आखणी होती. आपल्याकडचे आहारतक्ते श्रावण ते दिवाळी हा काळ कॅलेंडरमध्ये नसल्यासारखे बनवतात, म्हणून ते मोडतात.

जाता जाता : उपवास म्हणजे लो-कार्ब नव्हे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर. वरी, बटाटा, रताळं त्याच रांगेतले. आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धतही लो-कार्ब नाही. तिथे बंधन मुख्यतः वेळांचं आहे, २० ग्रॅमचं नाही.

गैरसमज : जास्त दिवस केलं तर किडनी जाते. आणि त्याचा जुळा भाऊ : नैसर्गिक आहे, कुणालाही चालतं

निरोगी माणसाची मूत्रपिंडं दोन महिन्यांच्या लो-कार्बने निकामी होतात असं दिसलेलं नाही. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रथिनं वाढवणं धोक्याचं. दीर्घकाळ कीटोवर राहणारी माणसं आहेतही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी हा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या झटक्यांसाठी लहान मुलांना तो आजही देतात. गुण येतो का हे साधारण तीन महिन्यांत बघतात, आला तर बहुधा दोन वर्षं चालवून हळूहळू सोडवतात. पण त्या मुलांना जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात. मुतखडा, कोलेस्टेरॉल, उंचीची वाढ यांवर सतत नजर असते. भाऊजींच्या वर्षभराच्या प्रयोगात यातलं काहीच नसतं.

खरा धोका औषधांच्या डब्यात असतो आणि तो १५व्या दिवसाची वाट बघत नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने औषध तसंच ठेवून भाकरी-भात बंद केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दाब फार खाली येऊन चक्कर येते. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या : पेटंट संपल्यावर त्या स्वस्त झाल्या, आता घरोघरी दिसतात. या गोळ्यांवर कडक कीटो केला तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, तोही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. घरच्यांना वाटतं पित्त झालं. अशा रुग्णाला लिंबूपाणी देत बसू नका, दवाखान्यात न्या.

आहारातला कीटोसिस आणि कीटोअ‍ॅसिडोसिस या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे बरोबरच. पण ज्यांच्या बाबतीत एकातून दुसरीत जाण्याचा रस्ता मोकळा आहे त्यांना ‘घाबरू नका’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. टाइप-१ मधुमेह, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजण्याचे महिने, खाण्याशी बिघडलेलं नातं : इथे कडक टप्पा किती दिवसांचा हा प्रश्नच येत नाही. शून्य दिवसांचा.

गैरसमज : टप्पा संपला की नेहमीचं जेवण सुरू

पंधरा दिवस उपाशी नजरेने भाताकडे बघितलं आणि सोळाव्या दिवशी दोन वाट्या वाढून घेतला, की केलेलं सगळं पाण्यात. टप्प्यातून बाहेर येणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि त्याला आत राहण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अ‍ॅटकिन्स यांची पद्धत दर आठवड्याला रोजचे पाच ग्रॅम वाढवण्याची. आपल्या स्वयंपाकघरात ती अशी बसते : आधी मूठभर शेंगदाणे, मग वाटीभर दही, मग पेरूची फोड, मग मटकीची अर्धी वाटी उसळ, मग वरण, आणि सगळ्यात शेवटी अर्धी भाकरी. ज्या पायरीवर वजन वाढायला लागतं तिच्या एक पायरी खाली तुमचं घर. कुणाचं ते ६० ग्रॅमवर असतं, कुणाचं १२० वर.

म्हणून कडक टप्पा सुरू करायच्या दिवशीच बाहेर पडायची तारीख लिहून ठेवावी. पाच-सहा किलोच उतरवायचे असतील तर दोन आठवडे पुरेत. खरं तर साखर, मैदा आणि अर्धा भात कमी करूनही ते उतरतात, या फंदात पडायची गरजच नाही. २० किलोंच्या वर उतरवायचं असेल आणि कुठलंही औषध चालू नसेल तर सहा ते आठ आठवडे. त्यापुढे जायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काही खुणा तारखेची वाट न बघता बाहेर काढणाऱ्या आहेत : पाळी चुकणं, हटता न हटणारी बद्धकोष्ठता, जिना चढताना धडधड. काही जणांचं एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात बेसुमार चढतं आणि बाहेरून काहीच जाणवत नाही. तेव्हा लिपिड प्रोफाइल, एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन सुरू करण्याआधी एकदा तपासा आणि तीन महिन्यांच्या आत लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. रोजची गोळी चालू असेल, कुठलीही, तर पहिली पोळी बंद करण्याआधी त्या गोळीची पट्टी घेऊन डॉक्टरांना भेटा.