आपली लाइन दुसऱ्याला देताना



आमच्या पिढीला ‘पी.पी. नंबर’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. भायखळ्याच्या ज्या चाळीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे फोन एकच होता, तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराकडे. नोकरीच्या अर्जावर सगळ्यांचा तोच नंबर, आणि पुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे. फोन आला की दुकानातला पोऱ्या जिन्याखालून हाक मारी. नवा फोन मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून एका लाइनवर सारी चाळ भागवून घेई. दुकानदार प्रत्येकाला नावाने ओळखत होता, म्हणूनच ते चालत होते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी हीच कल्पना इंटरनेटवर आली. अमेरिकेत जेफ पुल्व्हर यांनी 2005 साली ‘बेलस्टर’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिचे तत्त्व असे: इंटरनेटवरून आवाज कितीही दूर नेला तरी खर्च जवळजवळ नाही. खर्च येतो तो परदेशातल्या साध्या फोनपर्यंत पोहोचण्याचा. मग त्या गावातल्या एखाद्या सभासदाने आपली घरची लाइन थोडा वेळ वापरू दिली तर? समजा, सिडनीहून अश्दोदला बोलायचे आहे. आपला आवाज इंटरनेटने अश्दोदच्या सभासदाच्या घरच्या संगणकापर्यंत जातो. त्या संगणकाला फोनची वायर जोडलेली असते. तो स्थानिक नंबर फिरवतो आणि दोघांची गाठ घालून देतो. बदल्यात आपणही आपली लाइन इतरांसाठी खुली ठेवायची. मध्ये मोठे एक्स्चेंज नाही, घराघराची थेट जोडणी. संगणकाला टेलिफोन ऑपरेटरचे काम शिकवणारा ‘ॲस्टरिस्क’ हा प्रोग्राम मार्क स्पेन्सर यांनी 1999 च्या सुमारास लिहिला होता आणि तो फुकट मिळत होता.

ऑस्ट्रेलियाला ही युक्ती चांगली मानवणारी होती. इथे घरच्या फोनवरून स्थानिक कॉलला मिनिटांचा हिशेब नसे. एकदा लावला की तासभर बोला, दर तोच. भारतात मात्र हा मार्ग बंद होता. एप्रिल 2002 पासून तिथे संगणकावरून संगणकावर बोलायला परवानगी मिळाली, पण इंटरनेटवरून आलेला कॉल घरच्या लाइनवरून गावातल्या फोनला जोडून देणे बेकायदा होते. तसे खासगी एक्स्चेंज चालवणाऱ्यांवर पोलिसांचे छापे पडत.

आमच्या भाच्याने 2006 साली आपल्या मित्रमंडळात अशीच जोडणी केली आणि आमची लाइनही त्यात घेतली. अश्दोदला आमची धाकटी बहीण राहते. पूर्वी तिच्याशी बोलताना घड्याळाकडे डोळा असे. आता मालिद्याला गूळ किती घालायचा, यावर अर्धा तास बोलणे होऊ लागले. भाच्याने विचारले, “लाइन कुठल्या वेळी द्यायची?” आम्ही म्हणालो, “रात्री 9 नंतर दे. त्या वेळी आम्हाला कोण फोन करणार?”

इथेच आमची चूक झाली. हिवाळ्यात सिडनी इस्राएलच्या सात तास पुढे असते. आमची रात्र म्हणजे बहिणीची दुपार. एका रविवारी दुपारी 3 वाजता तिचे यजमान अचानक वारले. आमच्याकडे रात्रीचे 10 झाले होते. ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती आणि लाइन गुंतलेली. भाच्याच्या मित्राचा कोणी मित्र आमच्या लाइनवरून पॅरामॅटाला बोलत होता. आमचा फोन वाजलाही नाही. आम्ही शेजारच्या खोलीत झोपलो होतो. मोबाइल आम्ही तेव्हा ठेवत नव्हतो. सकाळी तिचा आवाज आला तेव्हा दफन आटोपले होते. आम्ही वेळेवर पोहोचू शकलो नसतोच. पण त्या रात्री ती रडत असताना निदान फोनवर तरी तिच्याजवळ असायला हवे होतो. तिने कधी बोलून दाखवले नाही. आम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी ती वायर काढायला लावली.

लाइन देणे म्हणजे नुसती तार देणे नव्हे. त्या वेळेपुरते आपले दार दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय पलीकडच्याला नंबर आपलाच दिसतो. त्यावरून कोणी शिवीगाळ केली, फसवले, तर चौकशी आपल्या घरी येते.

आज अशी लाइन देण्याची गरज उरलेली नाही. कॉलचे दर उतरले. 2003 साली सुरू झालेले स्काइपही मे 2025 मध्ये बंद झाले. आता व्हॉट्सॲपवर दोन फोन इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतात, मध्ये कोणाची घरची लाइन लागत नाही. तरी ‘तुमची लाइन द्या’ म्हणणारे गेलेले नाहीत. ते आता वेगळ्या शब्दांत मागतात. “चुकून तुमच्या फोनवर सहा आकडी कोड आला आहे, तेवढा सांगा,” असा निरोप येतो, कधी ओळखीच्याच नावाने. तो कोड दिला की आपले व्हॉट्सॲप त्याच्या हाती जाते आणि तो आपल्या नावाने आपल्याच माणसांकडे पैसे मागतो. म्हणून कोड कोणालाही सांगू नका, नातवालासुद्धा फोनवर नाही. समोर बसला असेल तर गोष्ट वेगळी. नातवाकडूनच व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणीचा पिन घालून घ्या.

आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी घरचा फोन आता एन.बी.एन.च्या मोडेमवर चालतो. वीज गेली की तो मुका होतो. जुना तांब्याच्या तारेचा फोन विजेशिवायही वाजत असे, त्या भरवशावर राहू नका. मोबाइल चार्ज करून उशाशी ठेवा. व्हॉट्सॲपवरून इथल्या 000 ला किंवा इस्राएलच्या 101 ला फोन लागत नाही, त्यासाठी साधाच कॉल करावा लागतो.

आता आम्ही बहिणीला इस्राएलच्या वेळेचे दुसरे घड्याळ पाहूनच फोन करतो. आमचा शब्बाथ संपतो तेव्हा तिचा अजून चालू असतो, म्हणून रविवारची वाट पाहतो. आणि रात्री फोन चालू ठेवतो, तिच्यासाठी.